चहातलं मीठ

आमच्या जळोचीत ‘हिरवा चहा’ मागितला तर मिळत नाही असं नाही. मागणाऱ्याला ‘बसा जरा’ म्हणतात आणि घरातलं एखादं पोर मोरीमागे जाऊन चार हिरवी पाती खुडून आणतं. हा गवती चहा. याचं बेट नेहमी मोरीच्या सांडपाण्यावर वाढतं, त्यामुळे ज्याच्या घरी अंघोळी जास्त त्याच्या घरी चहा उत्तम, असं आमच्याकडचं साधं गणित आहे. शास्त्र पाहायचं तर हा चहाच्या कुळातला नव्हेच. तो गवताच्या कुळातला, म्हणजे नात्याने उसाचा आणि ज्वारीचा चुलतभाऊ. चहाच्या पातेल्यात तो मिरवतो, ते वऱ्हाडात घुसलेल्या पाहुण्यासारखं.

पण माझ्या भाच्याला हा हिरवा चहा चालत नाही. तो राहतो पिंपळे सौदागरला, आठव्या मजल्यावर, आणि दोऱ्याला बांधलेली पुरचुंडी गरम पाण्यात बुचकळून जे पिवळसर पाणी होतं ते ‘ग्रीन टी’ म्हणून पितो. पिताना त्याचा चेहरा एकादशी धरल्यासारखा असतो.

“मामा,” तो एकदा म्हणाला, “या शनिवार-रविवारी चहाचे मळे बघून येऊ. इथून जवळ कुठले?”

“जवळचे म्हणजे निलगिरीतले. शनिवारी सकाळी निघालास तर रविवारी पोचशील, आणि पोचल्या पोचल्या परत फिरशील.”

“मग महाबळेश्वर? तिथं डोंगर आहेत, थंडी आहे, धुकं आहे.”

पोरगं बोललं ते अगदीच वावगं नव्हतं. इंग्रजांनी १८३४ साली महाबळेश्वरला एक तुरुंग बांधला होता आणि त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. तो १८६४ पर्यंत चालला. समोर डोंगर, धुकं आणि साक्षात चिनी माणसं! एवढं जुळून आल्यावर चहा व्हायलाच हवा होता. त्यांनी लावले बटाटे आणि गाजरं. खाली पाचगणीला जॉन चेसन या साहेबाने नाना देशांची झाडं आणून लावली. तिथले सिल्व्हर ओक आजही उभे आहेत. दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यांत सावलीसाठी हेच झाड लावतात. म्हणजे मांडव पडला, पण नवरदेव काही आला नाही.

तो येणारही नव्हता. चहाच्या झाडाला जमीन आंबट लागते आणि पाऊस वर्षभर, थोडा थोडा. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. ‘काय घ्यायचं ते एकदाच घे, पुन्हा मागू नकोस’ असा सह्याद्रीचा घरंदाज स्वभाव. आमच्या बारामतीकडे तर मागायचीही सोय नाही. इथला पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मन लागलं तर.

“आणि हे बघ,” मी म्हटलं, “हिरव्या चहाचा असा वेगळा मळा नसतोच. हिरवा आणि काळा, झाड एकच. पान खुडल्यावर लगेच गरम करून त्याचं काळवंडणं थांबवलं की हिरवा. मळून मुरू दिलं की काळा.” ही गोष्ट साहेबाला नीट कळायला १९व्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश माणूस चिनी वेष करून, डोकं भादरून, वेणी लावून चीनच्या चहामुलुखात हिंडला आणि तिथली रोपं हिंदुस्थानात घेऊन आला. साहेबलोकांना चहा हिरवागार हवा म्हणून चिनी कारागीर त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळतात, हेही त्यानेच पाहिलं. गिऱ्हाइकाला हवं ते द्यायचं, हा धंद्याचा नियम तेव्हाही होता.

भाच्याचं तोंड उतरलं. मामाच्या घरी येऊन भाच्याचं तोंड उतरणं बरं नव्हे. म्हणून म्हटलं, “चहाचं झाड नाही दाखवता येत, पण चहातला अर्धा भाग दाखवतो. गाडी काढ.” आणि आम्ही निघालो निरा डाव्या कालव्याकडे, कारण त्या अर्ध्या भागाला साखर म्हणतात.

वास्तविक आमच्या या मुलुखाचं चहावाचून काही अडलेलं नव्हतं. मोरोपंतांनी बारामतीत राहून एकशेआठ रामायणं रचली, ती एक कपसुद्धा चहा न घेता. पुण्यात तर चहा पिणं हा गुन्हा ठरू शके. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या कार्यक्रमात चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. नावांत रानडे होते, टिळक होते. ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. पुढे तेरा वर्षांच्या आत सरकारने १९०३ साली चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. प्रचारकांचा आग्रह असे की चहाचं पान नुसतं गरम पाण्यात मुरवावं. आपल्या लोकांनी ते ऐकून घेतलं आणि दूध, आलं, साखर घालून चहा खदखदा उकळला. चमचा उभा राहील एवढी साखर लागली, आणि ती पिकवायला आमचा कालवा जणू तयारच होता.

हा कालवा साखरेसाठी काढलेला नव्हता, ही त्यातली गंमत. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं आणि गुरं मेली. पुन्हा असं होऊ नये, ज्वारी-बाजरी तरी हाताला लागावी, म्हणून भोरजवळ भाटघरचं धरण बांधायला घेतलं आणि १८८५ च्या सुमारास डाव्या कालव्याला पाणी सुटलं. शेतकऱ्याने चार-दोन वर्षं पाण्याकडे पाहिलं, मग ज्वारीकडे पाहिलं, आणि ऊस लावला. एवढं पाणी दाराशी आल्यावर ज्वारी कोण लावणार? पुढे विश्वेश्वरय्या नावाच्या इंजिनिअरने ऊस किती, बाकीचं पीक किती, हे ठरवून देणारी ब्लॉक पद्धत या कालव्यावर आणली. ‘ब्लॉक’ हा शब्द आमच्या आज्याच्या तोंडी होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ब्लॉक येत होता. गुऱ्हाळं झाली, मग कारखाने झाले. उसाने इथे माडी बांधली, पोरं शिकवली, पोरींची लग्नं केली. खोटं कशाला बोला, माझंही शिक्षण उसावरच झालं.

कालव्याच्या खालच्या बाजूला एका शेतापाशी गाडी थांबवली. चहूकडे ऊस, आणि मध्येच एक पट्टा पांढरा, दळणाचं पीठ सांडल्यासारखा. भाचा खाली उतरला. शेताचा मालक बांधावर बसला होता. जुनी ओळख, वयाने मोठा.

“हे काय पडलंय, काका?” भाच्याने विचारलं.

“चाखून बघ,” म्हातारा म्हणाला.

आठव्या मजल्यावरच्या पोराने बोटाला माती लावून जिभेला लावली आणि थुंकला. “खारट!”

“माझ्या बापाने इथं आडसाली ऊस काढलाय,” म्हातारा म्हणाला. “आता कुसळ येत नाही. चोपण झाली. पाणी पाजत गेलो, पाजत गेलो. खालचं मीठ वर आलं.”

आणि इथेच मला चहाचा तो माणूस आठवला, ज्याच्यासाठी मी खरं तर भाच्याला इथवर आणलं होतं. हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज शास्त्रज्ञ. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संघटनेने त्यांना आपला शास्त्रीय अधिकारी नेमलं. चहावरच्या किडी आणि रोगांवर त्यांनी सर जॉर्ज वॉट यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं. तिथून १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. चहाच्या झाडाची नाडी जाणणारा माणूस आमच्या निरेच्या खोऱ्यात उतरला, आणि त्याला दिसलं काय, तर मीठ. कालव्याला पाणी सुटून जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. १९१० साली मॅन आणि तांबे नव्हे, तांबोळी नव्हे, तर व्ही. ए. ताम्हाणे (हे नाव छापताना नेहमी चुकतं, म्हणून खुलासा) या दोघांनी निरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर शेतकी खात्याची पुस्तिका काढली. सांगणं एवढंच, की कालव्यातून झिरपणारं आणि पिकाला वारेमाप दिलेलं पाणी जमिनीत साठतं, पातळी वर येते, ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ तेवढं मागे ठेवतं. पाणी आणायची जेवढी सोय केली तेवढीच ते निचरून जायची करायला हवी. पण पाणी आणण्याचं उद्घाटन होतं. निचऱ्याच्या चराचं नारळ फोडायला कोण येणार?

येताना भाचा गप्प होता. मी त्याला सांगितलं, की याच मॅनसाहेबांनी पुढे १९१७ साली दख्खनच्या एका खेड्याचा घर न् घर, बांध न् बांध मोजून इंग्रजीत पुस्तक लिहिलं. किती जमीन, किती तुकडे, किती कर्ज, सगळं. त्या खेड्याचं नाव पिंपळे सौदागर.

“आमचं?”

“तुमचंच. तू आठव्या मजल्यावर राहतोस ना, त्याच्या खाली कुणाचं तरी वावर होतं, त्याची नोंद त्यात असेल.”

जळोचीही आता बारामती नगरपरिषदेत गेली आहे. वावरांचे प्लॉट इथेही पडताहेत, आणि प्लॉटला मीठ लागलं काय न् साखर लागली काय, भाव तोच. पण कालव्याच्या खाली अजून शेतं आहेत, आणि त्यांच्यावरचे पांढरे पट्टेही आहेत. परवा डॉक्टरांनी मला तपासून सांगितलं, “साखर बेतानं घ्या, आणि अंगात साठू देऊ नका.” तीनशे रुपये घेतले. पाण्याच्या बाबतीत नेमकं हेच आमच्या जमिनीला तिचा डॉक्टर १९१० साली फुकट सांगून गेला होता. फुकटचा सल्ला कोण ऐकतो?