व्हिएन्नाचे हिवाळी रिंगण



ज्यांचे निम्मे आयुष्य कारखान्याच्या फाटकापाशी गेले ते आम्ही घोड्यांविषयी काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असल्यास तो रास्त आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथेच एका इमारतीचा इतिहास हाती लागला. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने व्हिएन्नाच्या राजवाड्यात १७२९ ते १७३५ या काळात घोड्यांसाठी एक दालन बांधविले. त्याचा वास्तुशिल्पी योसेफ एमानुएल फिशर फॉन एर्लाख. दालन ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद. वरचा सज्जा ४६ खांबांवर तोललेला. तिकडचा हिवाळा मोठा कडक. बाहेरची जमीन गोठून निसरडी झाली की घोड्याचा पाय घसरतो, आणि महिनोन्‌महिने शिकवणी बंद राहिली तर आधीचे शिकवलेलेही वाया जाते. म्हणून छपराखाली मऊ जमिनीचे रिंगण केले आणि नाव पडले हिवाळी अश्वारोहण शाळा. घोडे मूळ स्पॅनिश रक्ताचे, म्हणून संस्था 'स्पॅनिश' म्हणविली जाते.

या घोड्यांची पैदास १५८० साली लिपिका येथे सुरू झाली. शिंगरू जन्मते काळपट. वर्षे लोटतात तसे पांढरे होते. चार वर्षांचा झाला की घोडा शाळेत येतो. पहिले वर्ष फार साधे. लांब दोरीवर गोल फिरणे, पाठीवर माणूस सोसणे, सरळ आणि मोकळेपणी पुढे चालणे, एवढेच. दुसऱ्या वर्षी वळणे, आडवी पावले आणि शरीराचा भार हळूहळू मागच्या पायांवर घेणे. त्यानंतर अवघड विद्या: जागच्या जागी टाकलेली दुडकी, तिला 'पियाफ' म्हणतात, पुढचे पाय उचलून मागच्यांवर तोल धरणे, ती 'लेवाद', आणि उंच उडी घेऊन हवेतच मागचे पाय झाडणे, ती 'काप्रियोल'. पूर्ण शिक्षणाला साधारण सहा वर्षे जातात. उडी सर्वांना शिकवीत नाहीत. ज्याच्या अंगी तिची उपजत ओढ दिसेल त्यालाच. घोड्याने नीट केले की स्वार कोटाच्या खिशातून साखरेचा खडा काढून देतो. घोड्यापाशी रागाने कधी जाऊ नये, असा उपदेश झेनोफन या ग्रीक लेखकाने ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकातच केला होता.

स्वाराची उमेदवारी तर याहून लांब. प्रथम त्याला जुन्या, मुरलेल्या घोड्यावर बसवितात. रिकीब नाही, हाती लगाम नाही. म्हातारा घोडा पोराला शिकवितो, आणि तयार झालेला तो पोर पुढे नव्या घोड्याला शिकवितो. ज्या कोणी यंत्रावर जुन्या कारागिराच्या हाताखाली काम शिकले आहे, त्याला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. घोड्याशी इतक्या सबुरीने वागणाऱ्या त्याच राजवटीत शेतकऱ्याला जमीनदाराकडे वेठीने राबावे लागे. बोहेमियात मारिया तेरेसाने १७७५ साली ही वेठ आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली, आणि तो दिलासा वाटला! या वेठीचे नाव 'रोबोट'. कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकाने यंत्रमानवासाठी जगाला दिलेला शब्द तो हाच.

१८४८ साली क्रांती झाली. निवडून आलेल्या पहिल्या विधिमंडळाला बसायला मोठी जागा हवी होती. ती मिळाली ती या रिंगणातच. जुलै महिन्यात हान्स कुडलिख या चोवीस वर्षांच्या शेतकरीपुत्राने ताबेदारी रद्द करण्याचा ठराव येथे मांडला. जमीनदारांना भरपाई द्यावी काय, यावर वाद पेटला. गॅलिशियाचा शेतकरी प्रतिनिधी इव्हान कापुश्चाक उठला. मालकाच्या वाड्यापासून तीनशे पावलांवर आम्हांला टोपी काढावी लागे, असे त्याने सांगितले; आणि आमच्या अंगावर बसलेले चाबूक हीच त्यांची भरपाई, असे बजावले. ७ सप्टेंबर १८४८ रोजी कायदा झाला. काही देण्यांचा मोबदला मालकांना मिळालाच. पण वेठ गेली. ऑक्टोबरात व्हिएन्नाचा उठाव चिरडला गेला, कुडलिखला पुढे त्याच्या गैरहजेरीत फाशी फर्मावली गेली आणि तो अमेरिकेत गेला. तो कायदा मात्र राजालाही परत घेता आला नाही. आपल्याकडे वेठबिगारी मोडणारा कायदा यायला १९७६ साल उजाडले.

तेव्हा सबुरीने शिकविण्याची विद्या दरबाराला ठाऊक नव्हती असे नाही. ती घोड्याच्या वाट्याला आली, माणसाच्या नाही. आमचा आक्षेप एवढाच आहे.

पण दोष दुसऱ्याचाच सांगून बसणे बरे नव्हे. तरुणपणी एका कारखान्यात आम्ही संघटना बांधून सहा महिने झाले नाहीत तोच संप पुकारला. माणसे नवी होती, एकमेकांची ओळख पुरती नव्हती. आम्ही त्यांना पहिल्या वर्षीच उंच उडी मारायला लावली. दहा दिवसांत संप मोडला. सतरा जणांच्या नोकऱ्या गेल्या. आमची गेली नाही, हे अजून सलते.

ते रिंगण आजही चालू आहे. स्त्रियांना तेथे उमेदवार म्हणून प्रवेश मिळाला तो २००८ साली. आत येताना स्वार सहाव्या चार्ल्सच्या तसबिरीपुढे टोपी उतरवितात. उतरवोत बापडे! आपल्यापैकी कोणी कधी तेथे गेले तर त्यांनी घोडे जरूर पाहावेत, आणि कापुश्चाक याच छताखाली बोलला होता हेही सोबतच्यांना सांगावे.