उन्हाळ्याची सुट्टी आणि वाचनालयाचे दार

वसंत व्याख्यानमाला नावाने वसंताची असली, तरी ती भरते ऐन उन्हाळ्यात. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हा कोर्टकचेऱ्यांना आणि कॉलेजांना उन्हाळी सुट्टी असे. वकील, शिक्षक, परगावी नोकरीला असलेले अंमलदार घरी आलेले असत. रिकाम्या संध्याकाळी विचारांसाठी वापराव्यात, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. पुढे आपल्या कृष्णाकाठच्या गावांनीही तो उचलला. वाईला मे महिन्यात घाटाकडून गार वारा सुटतो तेव्हा व्याख्यानाला बसलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. थोरामोठ्यांच्या सुट्टीची व्यवस्था अशी शंभरावर वर्षांपूर्वीच लागली. पण ज्यांची सुट्टी सर्वांत लांब, त्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचे काय? त्यांच्यासाठी गावातले वाचनालय उन्हाळ्यात काय करीत होते? आज मला या प्रश्नाचा थोडासा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे, आणि तो सातारा व सांगली या आपल्याच मुलखातून.

आरंभीच एक अडचण सांगितली पाहिजे. या वयाला आपल्याकडे नीट नावच नव्हते. 'बाल' होते, 'तरुण' होते. मधले 'कुमार' हे संस्कृत नाव होते, पण व्यवहारात त्या नावाचे माणूस फारसे आढळत नसे. शेतकऱ्याचा मुलगा पोरवयातून सरळ औतामागे जाई. मुलगी तर खेळातून उठून सासरी जाई. लग्नासाठी मुलीचे किमान वय चौदा असावे, हे ठरविण्यासाठी १९२९ चा शारदा कायदा व्हावा लागला, यावरून काय ते समजावे. हायस्कूल आले, मॅट्रिकची परीक्षा आली आणि त्यांच्याबरोबर वार्षिक सुट्टी आली, तेव्हा कुठे हे मधले वय डोळ्यांना दिसू लागले. मला तर वाटते की कुमारवय हे निम्मे निसर्गाने आणि निम्मे शाळेच्या वेळापत्रकाने घडविले आहे.

वाचनालये मात्र त्याच्या पुष्कळ आधीची. रत्नागिरीचे १८२८ चे, नगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४०, पुण्याचे १८४८, कोल्हापूरचे १८५० आणि आपल्या सांगलीचे १८६९ चे. साताऱ्याचे नगर वाचनालय थोरल्या प्रतापसिंह महाराजांचे नाव मिरविते. ज्या राजाने राजधानीत शाळा काढली, त्याचे नाव वाचनालयाला असावे हे योग्यच झाले. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने यांतील कित्येकांचा आरंभ झाला. 'जनरल' याचा अर्थ सर्वांची असा घ्यावा, तर तसे नव्हते. वर्गणी भरणारा, इंग्रजी किंवा मोडी वाचणारा, अंगरखा-पागोटे घालून येणारा गृहस्थ हा तिचा वाचक. मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे चाळावीत, टपालाची वाट पाहावी, चार राजकारणाच्या गोष्टी कराव्यात, हा तेथला दिनक्रम. मुलगा तेथे दिसलाच तर वडिलांचे पुस्तक बदलून न्यायला आलेला असे.

हे चित्र फार जुने आहे असेही नाही. मी स्वतः आठवीत असताना एका गावच्या वाचनालयात सुट्टीतल्या दुपारी गेलो होतो. बालविभागातली पुस्तके संपली होती, म्हणून मोठ्यांच्या कपाटाकडे हात केला. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "बाळ, घरातल्या कुणाला तरी घेऊन ये." माणूस वाईट नव्हता, नियमच तसा होता. पण त्या सुट्टीत मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. असो.

या मुलखातली सर्वांत ठाऊक असलेली उन्हाळी सुट्टी १९०१ च्या सुमाराची आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत नोव्हेंबर १९०० मध्ये नाव घातलेला भीमराव तेव्हा दहा वर्षांचा होता. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावरच्या तलावाचे खजिनदार होते. सुट्टी माझ्याकडे घालवा, असे त्यांनी मुलांना कळविले. नवे कपडे झाले, आगगाडीचा प्रवास झाला, आणि मुले मसूर स्टेशनवर उतरली. पुढची कथा बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलांचा कासरा मुलांनीच हाती घेऊन, गाडीवान पायी चालत, अशी ती गाडी निघाली. रात्र झाली. जवळ डबा भरलेला होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून अन्न तसेच राहिले. मुले सुट्टीला निघाली होती, हे या कथेतले वाक्य आपण वाचताना सहसा ओलांडून जातो.

तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, हे कुटुंब मुंबईला गेले. तेथे एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा हा मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एका बाकावर वाचीत बसे. त्याच बागेत येणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यांनी त्याला पाहिले, विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. वाचनालयाने करावयाचे काम येथे एका बागेने आणि एका शिक्षकाने केले. याच बोल्यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा तो ठराव. त्या यादीत वाचनालयाचे नाव नव्हते. तेवढी निकड कोणाला भासली नसेल. तहान आधी भागवावी लागते.

वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२० चा जन्म. शाळेशी संबंध नाममात्र. पोरवयात वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, आणि तेथे दुकानांच्या पाट्या व सिनेमाची भित्तिपत्रके पाहून अक्षरे जुळविली. आणि देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण? कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकणारा हा मुलगा जानेवारी १९३२ मध्ये तुरुंगात गेला, तेव्हा वयाची एकोणीस वर्षेही पुरी नव्हती आणि मॅट्रिकही व्हावयाचे होते. ते पुढे १९३४ साली झाले. येरवड्याच्या बराकीत आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात जे वाचन आणि श्रवण घडले, त्याविषयी यशवंतरावांनी 'कृष्णाकाठ'मध्ये मोठ्या कृतज्ञतेने लिहिले आहे. बागेचे बाक, दुकानाची पाटी, तुरुंगाची बराक. आपल्या मुलखातले हे तीन कुमार वाचक वाचनालयाच्या बाहेर वाढले, म्हणून त्याच्या इतिहासाचा अर्धा भाग दाराच्या बाहेर उभे राहूनच पाहावा लागतो.

त्याच काळात इतरत्र काय चालले होते, हेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या ग्रंथालयाने १८९७ मध्ये मुलांचा एक संघच काढला. पुस्तके स्वच्छ ठेवण्याचे व्रत घेऊन मुले त्याचे सभासद होत. सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेत गेले, तेथली ग्रंथालये पाहून भारावले आणि १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणले. मोफत वाचन, पेट्यांतून खेड्यापाड्यांत फिरणारी ग्रंथालये, मुलांसाठी वेगळे दालन आणि तेथे खेळांचीही सोय, हे सारे एका मराठी राजाने करून दाखविले. पण बडोद्याच्या मागे सरकारी तिजोरी होती. आपल्या गावांच्या वाचनालयांमागे वर्गणीदारांची यादी होती, आणि तीही थकबाकीसह.

आपल्याकडे दार उघडले ते निराळ्याच बाजूने, आणि तेही सुट्टीतल्या मुलांनीच. १९४१ च्या जूनमध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख होते. शाखा शाळेच्या दिवसांत चाले, शिबिरे सुट्टीत भरत. सातारा जिल्ह्यात हे काम झपाट्याने पसरले. कवायत, गाणी, गावसफाई आणि बौद्धिक असा त्याचा क्रम. 'बौद्धिक' हा शब्द आज थोडा हास्यास्पद झाला आहे; पण खेड्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी वर्तुळात बसवून जगाचा नकाशा समजावून सांगावा, हे त्या काळी अपूर्व होते. पुढच्याच वर्षी बेचाळीसचे आंदोलन पेटले, आणि १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार या मुलखात नांदले. पत्री सरकार म्हणून आपण त्यातला दरारा तेवढा लक्षात ठेवतो. पण न्यायदान मंडळे, दारूबंदी, कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्ने यांच्या जोडीला गावोगाव वाचनालये काढणे हाही त्याच्या कामाचा भाग होता. इंग्रज सरकारचा शोध चुकवीत असलेली माणसे खेड्यात वाचनालय काढतात, ही गोष्ट मला तुफान सेनेच्या कवायतीपेक्षा अधिक धाडसाची वाटते. त्या खोल्यांत वर्गणीदार कोठून असणार? तेथे येणारा वाचक म्हणजे बहुधा थोडे शिकलेले पोरच. मोठ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे येई. शहरातल्या वाचनालयात मुलगा बापाचे पुस्तक बदलायला येई. खेड्यात तो बापाला वाचून दाखवू लागला. माझ्या मते आपल्या कुमार-वाचनाचा खरा आरंभ येथे आहे.

सरकारी प्रयत्न त्याला समांतर चालले होते. मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने पुढल्या वर्षी अहवाल दिला: मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका अशी ग्रंथालयांची उतरंड असावी. तिची अंमलबजावणी १९४७ पासून होऊ लागली. १९४८ साली सांगली संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० च्या नोव्हेंबरात दक्षिण सातारा 'सांगली' झाला. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयाचा कायदा केला होता, हे मात्र आपण विसरलो. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. तो आला तोही ग्रंथालय-कराविना. त्यामुळे वाचनालये अनुदानावर जगू लागली, आणि अनुदान पुरेसे नसले की पहिली काटकसर कोठे होते ते सांगावयास नको.

या कायद्यानंतर बालविभाग सर्वत्र दिसू लागले, आणि उन्हाळ्यात वाचनालयांची दालने मुलांनी गजबजू लागली. कथाकथन, हस्ताक्षराचे वर्ग, चित्रकला, श्लोकपाठांतर, किल्ल्याची सहल, सुट्टीपुरते सवलतीचे सभासदत्व. साने गुरुजींच्या मागे सुरू झालेल्या कथामालेने गोष्ट सांगण्याची शिस्त लावून दिली. १९७१ पासून 'किशोर' मासिक आले. वाईहून विश्वकोश निघू लागला, आणि पुढे त्याचा कुमार विश्वकोशही. एवढे झाले तरी एक फट राहिलीच. ही शिबिरे बहुतेक सातवीपर्यंतच्या मुलांची असतात. आठवीनंतर मुलगा बालविभागात मावत नाही आणि अनामत रक्कम भरून प्रौढ सभासद होण्याइतका स्वतंत्र नसतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल बहुधा मे-जूनमध्ये लागतो. आयुष्यात पुन्हा न मिळणारे हे दोन-अडीच महिने. त्या वयाला गोष्ट ऐकावयाची नसते, सांगावयाची असते. त्यांच्याकडे नोंदवही द्यावी, एका कपाटाची किल्ली द्यावी, लहानांची कथामाला चालवावयास द्यावी, म्हातारीकोतारींना वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास पाठवावे. किल्ली हरवेल, दोन पुस्तके जातील. जाऊ द्यावीत. कपाटात धूळ खात पडलेली पुस्तके तशीही वाचकांना गेलेलीच असतात.

आणि पुस्तके कपाटातूनही जातात, हे सांगलीइतके कोणास ठाऊक? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी नगर वाचनालयात शिरले. संस्थेचे ते दीडशेवे वर्ष. हजारो ग्रंथ चिखलात गेले. १८६९ पासून जे जपून ठेवले होते, त्याची ही अवस्था काही दिवसांत झाली.

त्याच्या दोन वर्षे आधी, ४ मे २०१७ रोजी, म्हणजे पुन्हा उन्हाळी सुट्टीतच, पाचगणीजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव वसविण्यात आले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. तेथे पुस्तकांची दुकाने आहेत. भिलारने पुस्तके घराघरांत, देवळात, शाळेत ठेवली. आरंभी पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके होती. कथेचे घर वेगळे, चरित्रांचे वेगळे, बालसाहित्याचे वेगळे. स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून कोणीही वाचावे, अनामत नाही, शिफारस नाही. मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वरला आलेल्या कुटुंबांतली मोठी माणसे तेथे चारदोन पुस्तके चाळतात आणि निघण्याची घाई करतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मात्र कोपऱ्यात पाय पसरून बसलेला असतो आणि हाक मारली तरी उठत नाही.