कौशल्य आहे, कागद नाही

वंचितांसाठी शिक्षणक्रम आखणाऱ्या मंडळींत एक समज पक्का बसला आहे. गरिबाकडे पैसा नसतो, तशी कौशल्येही नसतात. म्हणून आत्मविश्वास, निर्णयक्षमता, संवाद, पैशाचे नियोजन हे सारे त्याला बाहेरून द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990च्या दशकात शाळकरी मुलांसाठी दहा जीवनकौशल्यांची यादी केली, आणि ती पुढे सगळीकडे पोचली. केंद्र सरकारच्या 2022 पासूनच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातही अक्षरओळखीच्या जोडीला जीवनकौशल्ये आहेत. यादीबद्दल माझी तक्रार नाही. शिकणाऱ्याची पाटी कोरी आहे हे गृहीतक मात्र मला मान्य नाही, आणि विडी-तंबाखूवर जगणाऱ्या निपाणीत ते मुळीच टिकत नाही.

विडी वळणारी बाई ठेकेदाराकडून हजार विड्यांच्या हिशेबाने पान आणि तंबाखू आणते. पान भिजवायचे, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळायचे, दोऱ्याने बांधायचे. पान किडके निघाले तरी हजार भरून द्यावेच लागतात. मग कमी पडलेले पान ती पदरमोड करून विकत आणते. विड्या द्यायला गेले की त्यातल्या काही ‘नापास’ म्हणून बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी बुडते. पुष्कळदा त्या विड्या परतही मिळत नाहीत. या बाईला पैशाचे नियोजन काय शिकवणार? किती पानात किती विड्या बसतील याचा अंदाज ती बोटांनी घेते. तिचा तोटा होतो तो पानाच्या वजनात आणि नापासाच्या ढिगात, आणि तिथे बोलायला तिच्या बाजूने कोणी नसते.

बोलता येत नाही म्हणून ती गप्प असते, हेही खरे नाही. 1980च्या सुमारास निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या हजारो बायका प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने संघटित झाल्या. दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने त्यांच्यात राहून 1982 साली माहितीपट केला. त्यात या बायकांनी आपल्या बैठका आणि आपले डावपेच स्वतःच पुन्हा उभे करून दाखवले. निर्णय, संवाद, ताणाला तोंड देणे, यादीतले बरेच काही तिथे आधीच होते. त्यासाठी कोणी वर्ग घेतला नव्हता.

यावर प्रतिपक्षाचा आक्षेप असा, आणि तो वजनदार आहे: लढून हक्क मिळवले, पण ठेकेदाराने वहीत काय लिहिले ते वाचता आले नाही, तर उपयोग काय? बरोबर. कामगार कायद्यांतले हक्क, विडी कामगारांचा 1976चा कल्याण निधी, भविष्य निर्वाह निधी, मुलांची शिष्यवृत्ती, यातले काहीही ओळखपत्र आणि कागदपत्रांशिवाय पदरात पडत नाही. अक्षर हवेच. पण यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. शिक्षणाची सुरुवात त्या वहीपासून आणि त्या अर्जापासून व्हायला हवी. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी, बाळबोध आणि हिशेब मागितले, शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. ज्या कागदांवर शेतकरी नागवला जात होता, ते त्याला वाचता यावेत ही दृष्टी त्यात होती. ‘उल्लास’च्या परीक्षेचे 150 गुण वाचन, लेखन आणि अंकज्ञानात वाटलेले आहेत. मजुरीच्या वहीतली चूक ओळखली, याला मी त्यात गुण ठेवले असते.

शिवाय हे गाव सीमेवरचे. 1956 पासून निपाणी कर्नाटकात आहे आणि गावाचे देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. असंख्य घरांत मराठी, मुलांची शाळा मराठी आणि सरकारी कागद कन्नड. पुण्यात किंवा बंगळुरात छापलेल्या साक्षरतेच्या संचात ही अडचण कुठेच नसते. इथल्या मराठी बाईला कन्नड अर्जातले नाव, रक्कम, तारीख हे रकाने ओळखता येणे हे मोठे जीवनकौशल्य आहे. भाषेच्या अभिमानाला त्याने धक्का लागत नाही, पण हे उघडपणे म्हणायला आपण बिचकतो.

राहिला गैरहजेरीचा मुद्दा. बायका वर्गाला येत नाहीत, त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असे अहवालांत लिहिले जाते. मजुरी नगावर असते. वर्गातला एक तास म्हणजे न वळलेल्या विड्या. हाच प्रश्न क्यूबात, हवानातल्या सिगार कामगारांनी 1865 साली सोडवला. ‘एल फिगारो’ कारखान्यात हात पाने वळत राहत आणि एक वाचक मोठ्याने वर्तमानपत्र, पुस्तक वाची. त्याचा पगार कामगार आपल्या वर्गणीतून देत. निपाणीच्या बायका आजही गल्लीत, ओट्यावर एकत्र बसून विड्या वळतात. तिथे रोज तासभर वाचणारी एक मुलगी बसवावी, बहुधा त्यांच्यातलीच शिकलेली. आज काय वाचायचे, निधीचे पत्रक की कन्नड अर्ज की नुसती एखादी गोष्ट, हे बायकांनी ठरवावे. त्या मुलीचा पगार साक्षरता कार्यक्रमाच्या पैशातून द्यावा. त्यासाठी चकचकीत पुस्तिकांचा एक संच कमी छापला तरी चालेल.