कर्नल बिंगहॅम : निवृत्तीनंतरची चौदा वर्षे

संपादक मंडळाने इतिहासावर काहीतरी लिहा म्हणून सांगितले. सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास अध्यक्षांच्या मनोगतात येईलच, म्हणून मी एका वेगळ्याच माणसाबद्दल लिहितो. आपले निम्मे सभासद आता रिटायर झाले आहेत, त्यांना हा माणूस जवळचा वाटेल.

चार्ल्स थॉमस बिंगहॅम. जन्म १८४८, आयर्लंडचा. शिक्षण मात्र हिंदुस्थानात झाले. नोकरी लष्करात, आधी बॉम्बे स्टाफ कोअर, मग बंगाल. १८७७ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगल खात्यात गेले. आपल्या पेंचसारखेच तिकडेही सागवान. साहेबांना आधी नाद पक्ष्यांचा. ब्रह्मदेशात गेल्यावर ते किड्यांकडे वळले. १८९४ ला निवृत्त झाले आणि बायको, तीन मुलगे, दोन मुली यांना घेऊन लंडनला राहायला गेले.

आता पेन्शन घेऊन आरामात बसायचे की नाही? हे गृहस्थ तिथल्या निसर्ग इतिहास संग्रहालयातल्या कीटकांच्या खोलीत जाऊन बसू लागले. पगार एक पैसा नाही. काम काय, तर जगभरातून आलेल्या डंखवाल्या माश्या आणि मुंग्या नीट लावायच्या, त्यांची नोंद करायची. टाचणीला टोचलेल्या किड्याखाली चिठ्ठी असते : कुठे सापडला, कधी, कोणी धरला. एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिलेली असतात. कधी नर आणि मादी दिसायला वेगळे, म्हणून त्यांच्याच दोन जाती धरलेल्या. ते सगळे जुळवत बसायचे. ज्यांनी बँकेत हाताने खतावण्या जुळवल्या त्यांना यातली मेहनत सांगायला नको. फरक निघाला की आम्ही रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत थांबायचो, पण आमच्या डोक्यावर मॅनेजर असायचा!

तीनच वर्षांत, १८९७ ला, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या सरकारी ग्रंथमालेत त्यांचा गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड निघाला. आपल्या जिन्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण याच गोतावळ्यातली. ती कोळ्याला डंख मारून लुळे करते, घरात भरते, वर अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना टाकीखालचे गांधीलमाशीचे पोळे आणि ही बिचारी एकाच बिलात घालू नये, असे माझे मत मी मीटिंगमध्येही मांडले आहे.

१९०३ ला मुंग्यांचा खंड आला. मुंबई इलाख्यातले जंगल अधिकारी रॉटन हेही मुंग्यांच्याच नादातले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ते लिहीत. १९०५ मध्ये ग्रंथमालेचे संपादक ब्लॅनफर्ड वारले. तेही हिंदुस्थानच्या भूगर्भ खात्यातून रिटायर झालेले. संपादकपण बिंगहॅम यांच्याकडे आले. त्यांचे स्वतःचे फुलपाखरांचे दोन खंड १९०५ आणि १९०७ ला निघाले.

एक गोष्ट मात्र खटकते. किडे आपल्या रानातले आणि पेट्या लंडनला. इथल्या अभ्यासकाला मूळ नमुना पाहायचा तर तिकडे जावे लागे. हा दोष राज्यकर्त्यांचा. बिंगहॅम यांनी निदान पुस्तक करून माहिती इकडे परत पाठवली.

१८ ऑक्टोबर १९०८ रोजी, साठाव्या वर्षी, ते लंडनमध्ये वारले. फुलपाखरांचे काम अर्धेच राहिले होते.