वैमानिकांनी आकाशात काय पाहिले?

आपल्या खेड्यांतली मुले तळ्याच्या काठी उभी राहून चपटी खापरी पाण्यावर तिरपी भिरकावतात. ती टप्पे घेत घेत दूर जाते. पुष्कळ ठिकाणी याला भाकऱ्या काढणे म्हणतात. ‘उडत्या तबकड्या’ हे नाव अशाच एका उपमेतून जन्माला आले, आणि तेही उपमा नीट न ऐकल्यामुळे, बरं का!

२४ जून १९४७ ची गोष्ट. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात केनेथ अर्नोल्ड हा गृहस्थ आपले छोटे विमान स्वतः चालवीत होता. धंदा आग विझवण्याच्या साधनांचा. डोंगरात कोसळलेले एक लष्करी विमान वाटेत दिसते का, हेही तो पाहत होता. शोधून देणाराला बक्षीस होते. इतक्यात रेनियर शिखराजवळून नऊ चकाकत्या वस्तू माळेने जाताना त्याला दिसल्या. रानहंस असतील काय? काचेवरचे प्रतिबिंब असेल काय? त्याने खिडकीसुद्धा उघडून पाहिली. रेनियरपासून ॲडम्स शिखरापर्यंत जायला त्यांना १ मिनिट ४२ सेकंद लागले, हे त्याने घड्याळावर मोजले. हिशेबाने वेग आला ताशी सुमारे १,७०० मैल! माणसाने सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला तो त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, म्हणजे यानंतर जवळजवळ चार महिन्यांनी.

अर्नोल्डने वर्णन केले ते चालीचे. पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी उसळत जाईल, तशा त्या वस्तू चालल्या होत्या, एवढेच तो म्हणत होता. वर्तमानपत्रांनी चाल सोडली आणि बशी तेवढी उचलली. मग काय, गावोगावच्या लोकांना बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. शिक्षकबंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घड्याळातली वेळ खरी असली, तरी वस्तू किती दूर आहेत हा अर्नोल्डचा अंदाजच होता. त्या जवळून गेल्या असतील, तर वेगाचा आकडा झपाट्याने खाली येतो.

इथवर गंमत होती. पुढच्या जानेवारीत मात्र एका माणसाचा जीव गेला.

७ जानेवारी १९४८ च्या दुपारी केंटकी राज्यातल्या गॉडमन विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना आकाशात एक पांढरट, वाटोळी वस्तू दिसली. चार लढाऊ मस्टँग विमाने त्याच बाजूने येत होती. ‘जरा वर जाऊन बघता का?’ असे त्यांना विचारण्यात आले. पुढारी होता कॅप्टन थॉमस मँटेल, वय २५, दुसऱ्या महायुद्धात मानपदक मिळवलेला. एक विमान आपल्या मुक्कामी निघून गेले. दोघे सोबती काही उंचीपर्यंत बरोबर गेले आणि परत फिरले, कारण एवढ्या उंचीसाठी लागणारा प्राणवायू पुरेसा नव्हता. मँटेल २२ हजार फुटांच्याही वर चढत राहिला. विरळ हवेत त्याची शुद्ध हरपली असावी. विमान फ्रँकलिन गावाजवळच्या शेतात कोसळले.

तो कशाच्या मागे गेला होता? प्रथम खुलासा आला की शुक्राच्या. आपला शेतकरीही यावर हसेल. शुक्राची चांदणी तो पहाटे आणि सांजेला पाहतो. भर दुपारी ती शोधून सापडायची मारामार. पुढे जो खुलासा बहुतेकांना पटला तो असा: अमेरिकेच्या नौदलाने त्या काळी अत्युच्च आकाशात ‘स्कायहुक’ नावाचे प्रचंड फुगे सोडायला सुरुवात केली होती. सुमारे १०० फूट रुंदीचे, उन्हात धातूसारखे झळकणारे. पण ते काम गुप्त! विमानदलाच्या वैमानिकाला त्याची गंधवार्ता नव्हती. मला विचाराल तर परग्रहावरच्या पाहुण्यांपेक्षा हीच गोष्ट अधिक भयंकर आहे. असे संशोधनाचे फुगे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे केंद्रही सोडते, पण ते लोकांना आगाऊ कळवून.

अमेरिकन विमानदलाने ‘ब्लू बुक’ नावाच्या चौकशीचे दप्तर १९५२ पासून १९६९ पर्यंत चालवले. १९४७ पासूनच्या १२,६१८ नोंदी जमल्या. त्यांपैकी ७०१ चा उलगडा झाला नाही. उलगडा झाला नाही म्हणजे परग्रहावरून कोणी आले असे नव्हे; पुरावा अपुरा पडला, इतकेच. पण याच मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे लोक घाई करतात. एकजण म्हणतो, परग्रहवासी. दुसरा म्हणतो, वैमानिकाला भास झाला.

या दुसऱ्या बोलण्याचा परिणाम असा, की वैमानिक गप्प बसू लागले. नोकरी कोण धोक्यात घालणार? १४ नोव्हेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियाच्या समुद्रावर ‘निमिट्झ’ या विमानवाहू जहाजावरचा अधिकारी डेव्हिड फ्रेव्हर आणि त्याचे सहकारी यांना पंख नसलेली, पांढरी, लांबट वस्तू झपाट्याने हलताना दिसली. जगाला ते सविस्तर कळायला डिसेंबर २०१७ उजाडले. जून २०२१ मध्ये अमेरिकन सरकारने अहवाल काढला. त्यात २००४ नंतरच्या १४४ नोंदी होत्या आणि उपहासाच्या भीतीने माणसे बोलत नाहीत, अशी कबुलीही होती. त्या १४४ पैकी खात्रीने ओळख पटली ती एकीचीच. तो हवा जात चाललेला एक मोठा फुगा निघाला.