इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियम भागांचे डागांपासून संरक्षण

इंजिनाच्या ज्या ॲल्युमिनियम भागांवर रंग किंवा मुलामा नसतो, त्यांना उघडे भाग म्हणतात. सिलिंडर हेड, क्रँककेसची झाकणे, गिअरबॉक्सचे कवच व कार्बोरेटर ही त्यांची उदाहरणे होत. पाणी, क्षार, रसायने व जळालेले तेल यांमुळे हे भाग काळवंडतात किंवा त्यांवर पांढरे डाग पडतात. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत खारट भूजलामुळे या संरक्षणाला विशेष महत्त्व आहे.

कारणे

ॲल्युमिनियम हवेत येताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. लोखंडावरील गंजाप्रमाणे हा थर सुटून पडत नाही. उलट तो आतील धातूचे रक्षण करतो. मात्र ॲल्युमिनियमचा ऑक्साइड उभयधर्मी असल्याने तीव्र आम्ल व तीव्र अल्क या दोहोंत विरघळतो. पाण्याचा सामू साधारणतः ४ ते ८.५ या दरम्यान असेल तोवर थर स्थिर राहतो. पाण्यातील क्लोराइड मात्र सामू योग्य असतानाही तो जागोजागी भेदतो आणि धातूत बारीक खड्डे पडतात. खड्ड्यांभोवती जमणारी पांढरी भुकटी म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियमचे जलयुक्त ऑक्साइड होय.

अल्कधर्मी पाणी तापल्यावर धातू करडा किंवा काळा पडतो. ‘जर्मन’च्या पातेल्यात वारंवार पाणी उकळल्यास ते आतून काळे पडते, ती हीच क्रिया आहे.

वऱ्हाडातील परिस्थिती

तापीची उपनदी असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट व तेल्हारा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. येथील भूजलात सोडियम, क्लोराइड व बायकार्बोनेट यांचे प्रमाण अधिक असते. असे पाणी तापलेल्या इंजिनावर पडल्यास त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन अल्कता वाढते, तर बाष्पीभवनामुळे क्षार एकाच जागी साचतात. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढत असल्याने ही क्रिया जलद होते.

वरूड व मोर्शी या संत्रापट्ट्यातील तालुक्यांत फवारणी पंपांच्या इंजिनांना आणखी एक धोका असतो. डिंक्या रोगावर वापरले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद व चुना यांपासून बनते. ते सांडल्यास त्यातील तांबे ॲल्युमिनियमवर बसते. ओलाव्यात दोन धातूंचा सूक्ष्म विद्युत्घट तयार होतो आणि ॲल्युमिनियमचे क्षरण होते.

स्वच्छता

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच धुवावे. सौम्य साबण व नायलॉनचा ब्रश वापरावा. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी खारट असल्यास शेवटचे खळबळणे पावसाच्या किंवा अन्य गोड्या पाण्याने करावे आणि भाग लगेच कोरडे पुसावेत. कॉस्टिक सोडा व धुण्याचा सोडा टाळावा. कॉस्टिक सोड्याच्या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजनही बाहेर पडतो. लोखंडी तारेच्या घासणीचे कण धातूत रुतून तांबूस डाग पडतात. हायड्रोफ्लुओरिक आम्ल असलेली द्रावणे त्वचेस अत्यंत घातक असतात.

संरक्षक उपाय

स्वच्छ, कोरड्या भागावर मेण किंवा तेलाचा पातळ थर देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. तो वेळोवेळी पुन्हा द्यावा लागतो. पारदर्शक लॅकर अधिक टिकतो, परंतु उष्णतेने पिवळा पडू शकतो. त्यामुळे सिलिंडरच्या पात्यांवर उष्णतारोधक प्रकारच वापरतात. ॲनोडायझिंग (धनाग्रीकरण) या विद्युत्‌-रासायनिक पद्धतीने ऑक्साइडचा थर जाड करता येतो. १९२३ मध्ये ती क्रोमिक आम्लाच्या साहाय्याने औद्योगिक प्रमाणावर प्रथम वापरली गेली. सिलिकॉनचे प्रमाण जास्त असलेल्या ओतीव मिश्रधातूंवर मात्र या पद्धतीने करडी छटा येते.

शीतन प्रणाली

बाहेरील डाग बहुधा दिसण्यापुरते असतात. पाण्याच्या वाटेतील क्षरण मात्र इंजिन निकामी करू शकते. हेडच्या गॅसकेट बसणाऱ्या पृष्ठभागावर खड्डे पडल्यास पाणी तेलात मिसळते आणि बेअरिंग झिजतात. पॉलिश केल्याने हे खड्डे बुजत नाहीत. म्हणून रेडिएटरमध्ये खारे पाणी न भरता क्षरणरोधक द्रव्ये असलेले शीतक ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून भरतात आणि उत्पादकाने दिलेल्या मुदतीत ते बदलतात.