बाळाच्या हातचा घास



राजांच्या लढाया आणि तह यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. परंतु मनुष्याच्या पहिल्या घासालाही इतिहास आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मूल दुधावरून अन्नावर येते तो काळ अवघ्या काही महिन्यांचा. तेवढ्या अवधीत त्याने काय खावे, किती खावे आणि मुख्य म्हणजे कोणाच्या हाताने खावे, या तीन प्रश्नांवरून गेल्या दीडशे वर्षांत वैद्य, कारखानदार आणि माता यांच्यात जी ओढाताण झाली, तिची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

आपल्या देशात या पहिल्या घासाला संस्काराचा मान मिळाला. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनास सहावा महिना सांगितला. आपण मराठी माणसे त्यालाच उष्टावण म्हणतो. बालकांच्या चिकित्सेवरील काश्यपसंहितेत तर सहाव्या महिन्यात फळ आणि अन्न त्यानंतर, दहाव्या महिन्यात, असा क्रम दिलेला आहे. उष्टावण झालेले मूल पंगतीच्या कडेला आजीच्या मांडीवर बसावे आणि तिच्या ताटातली मऊ भाताची शिते चिमुकल्या बोटांनी वेचून तोंडात घालावीत, हा आपल्या घरांतला नित्याचा देखावा. संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाण होते, तेव्हा बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि भोवतालची मुले ती लुटतात. त्यातले बोर किंवा करवा अगदी लहान बाळाच्या तोंडी जाऊ नये एवढी सावधगिरी हवीच. परंतु मुलाने आपल्या हाताने उचलून खावे, यातला आनंद आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखला होता, हे यावरून दिसते.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला निराळे वळण लागले. आईच्या दुधास मुकलेली अर्भके तेव्हा मोठ्या संख्येने दगावत. १८६५ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने अर्भकांसाठी एक कृत्रिम अन्न सुचविले. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे हेन्री नेस्ले याने दूध व गहू यांपासून केलेले पीठ बाजारात आणले. अशा अन्नामागील हेतू चांगला होता. परंतु त्याबरोबर चमचा, माप आणि घड्याळ ही तिन्ही बाळाच्या जेवणात शिरली. अमेरिकेतील डॉ. एमेट होल्ट यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १८९४ मध्ये निघाले. प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेल्या या पुस्तकाने तेथील मातांच्या एका सबंध पिढीला ठरल्या वेळी, ठरल्या मापाने पाजण्याची शिस्त लावली. १९२० पूर्वी त्या देशात वर्षाच्या आतील मुलास घन अन्न क्वचितच देत.

पुढे आठ वर्षांतच वारे फिरले. १९२८ मध्ये मिशिगन संस्थानातील फ्रीमाँट या गावच्या गर्बर कुटुंबाच्या कारखान्यातून गाळून गुळगुळीत केलेल्या वाटाण्याचे व इतर भाज्यांचे डबे विक्रीस आले. ते लोकप्रिय झाले आणि घन अन्नाचे वय झपाट्याने खाली उतरले. शतकाच्या मध्यास तर काही डॉक्टर अवघ्या काही आठवड्यांच्या अर्भकास चमच्याने भरविण्याचा सल्ला देऊ लागले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. डब्यातला तो लगदा बाळाला हाताने उचलता येत नाही. तो खायचा म्हणजे भरविणारा हवा. आणि भरविणारा आला की “आणखी एक घास” हेही आलेच. पोट भरल्याची खूण बाळाने मान वळवून केली, तरी वाटी रिकामी होईपर्यंत चमचा थांबत नाही.

नेमक्या याच काळात एका स्त्री-डॉक्टरने एक विलक्षण प्रयोग हाती घेतला. तिचे नाव डॉ. क्लारा डेव्हिस. मुलांना अन्न आवडत नाही, ती जेवत नाहीत, अशा तक्रारी घेऊन त्या काळी आया डॉक्टरांकडे रांगा लावीत. डॉ. डेव्हिस यांच्या मनात आले, की मुलाला कोणी भरविलेच नाही तर ते काय करील? १९२६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी त्यांनी आरंभ केला आणि पुढे शिकागो येथे तो प्रयोग वाढविला. सहा ते अकरा महिन्यांची, नुकतीच दूध तुटलेली एकंदर पंधरा मुले त्यांनी रुग्णालयात ठेवून घेतली. कोणी सहा महिने राहिले, तर कोणी साडेचार वर्षे.

जेवणाच्या वेळी बाळापुढे निरनिराळ्या वाट्यांतून निरनिराळे पदार्थ मांडीत. सबंध यादी सुमारे चौतीस पदार्थांची होती: साधे दूध व आंबविलेले दूध, गहू, जव, ओट, मका, सफरचंद, केळे, संत्र्याचा रस, टोमॅटो, गाजर, बीट, वाटाणा, बटाटा, पालक, कोबी, अंडी, मांस, काळीज, हाडातील मज्जा, मासे इत्यादी. कशातही मीठ घातलेले नसे. मीठ वेगळ्या वाटीत ठेवीत. शेजारी परिचारिका चमचा घेऊन स्वस्थ बसे. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला, तरच तिने चमचा भरायचा. त्याने तोंड उघडले, तरच घास द्यायचा. खा म्हणायचे नाही, नको म्हणायचे नाही, कौतुकही करायचे नाही. बाळाने हाताने खाल्ले, तर खुशाल खाऊ द्यायचे.

पहिल्या काही जेवणांत मुलांनी वाट्यांत हात बुडविले, तोंडे बुडविली, चमचा आणि तबकसुद्धा चावून पाहिले, न आवडले ते थुंकून टाकले. पण थोड्याच दिवसांत प्रत्येकाला आपल्या आवडीचे पदार्थ ओळखू येऊ लागले. कोणी सकाळी शेरभर संत्र्याचा रस पिऊन काळीज खाई, कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध यांवर ताव मारी. मोठ्या माणसाला हे जेवण विचित्र वाटावे. दोन मुलांचा आहार कधी सारखा झाला नाही. तरीही सगळी मुले धष्टपुष्ट झाली. आली तेव्हा त्यांपैकी पाचजणांस मुडदूस होता. एकाचा आजार फार वाढलेला होता, म्हणून त्याच्या तबकात कॉड माशाच्या तेलाची लहानशी पेली ठेवीत. ते तेल तो कधी थोडे, कधी बरेच, आपखुशीने प्याला. आणि क्ष-किरणांच्या चित्रांत हाडे बरी झालेली दिसू लागली, तेव्हा त्याने ते सोडून दिले.

ही हकीकत जगभर पसरली आणि तिच्यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला, की मुलाच्या जिभेला सर्व काही कळते. त्याला हवे ते द्यावे. परंतु १९३९ मध्ये माँट्रियल येथे कॅनडातील डॉक्टरांपुढे बोलताना खुद्द डॉ. डेव्हिस यांनीच या समजुतीस चाप लावला. प्रयोगाचे मर्म पदार्थांच्या यादीत आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हते. त्या तबकातून बाळाने काहीही उचलले, तरी वाईट निवड होण्यास वावच नव्हता. साखर आणि मैदा पुढे ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा, अशी त्यांची इच्छा होती. पण १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीने पैशाचे बळ सरले आणि तो बेत तसाच राहिला. कुटुंबांपासून दूर ठेवलेल्या मुलांवर असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, हेही खरे. परंतु त्यातून निघालेली वाटणी अद्याप टिकून आहे: काय वाढावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे, त्यातले काय आणि किती खावे हे बाळाने.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध पुरेसे आहे, असे जाहीर केले. त्यामुळे गुळगुळीत लगद्याची निकड बरीच कमी झाली; कारण सहा महिन्यांचे बहुतेक मूल आधाराने बसते, वस्तू मुठीत धरते आणि तोंडाकडे नेते. २००८ मध्ये इंग्लंडमधील गिल रॅप्ले या आरोग्य-परिचारिकेने एका सहलेखिकेसह पुस्तक लिहून बाळाला आरंभापासून आपल्या हाताने खाऊ देण्याचा पुरस्कार केला. घशात घास अडकण्याची धास्ती साहजिक होती. न्यूझीलंडमध्ये दोनशे सहा मातांच्या साह्याने झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की सुरक्षित पदार्थ कोणते हे आईला नीट शिकविले, तर हाताने खाणाऱ्या मुलांस गुदमरण्याचा धोका चमच्याने खाणाऱ्यांहून अधिक नसतो. मात्र दोन्ही प्रकारच्या घरांत घशात अडकण्याजोगे पदार्थ मुलांना सर्रास दिले जात होते, असेही त्याच पाहणीत आढळून आले.

म्हणून हा इतिहास ऐकून आपल्या स्वयंपाकघरात जाताना थोडे व्यवहारज्ञान बरोबर असावे. सहा-सात महिन्यांचे बाळ सबंध मुठीने धरते. तेव्हा तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब असावा, म्हणजे मुठीबाहेर त्याचे टोक उरते. नवव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांची चिमट साधते. मग लहान मऊ कण चालतात. अंगठा व बोट यांत दाबताच चुरडेल तोच पदार्थ द्यावा. वाफविलेले गाजर, रताळे, तांबडा भोपळा. पिकलेले केळे किंवा पपई. मऊ इडली, मुगाच्या धिरड्याची पट्टी, नीट शिजविलेल्या अंड्याची पोळी, काटे काढलेला मासा, दुधात भिजवून मऊ केलेली नाचणीची भाकरी, हे सारे आपल्या घरचेच आहे. शेंगदाणे, फुटाणे, सबंध द्राक्षे, कच्चे गाजर आणि कच्चे सफरचंद मात्र दूर ठेवावे. वर्षापर्यंत मध देऊ नये. मीठ-साखर शिजवितानाच वगळावी. बाळ बसूनच खाईल, आणि खात असताना कोणीतरी जवळ राहील, एवढे पथ्य कधी मोडू नये.

आज शहरांतील घरोघरी बाळाच्या हाती बिस्किट आणि रंगीत वेष्टनातला कुरकुरीत खाऊ सहज येतो. हात बाळाचाच असतो, निवडही त्याचीच दिसते; परंतु डॉ. डेव्हिस यांच्या तबकात ज्यांना स्थान नव्हते, नेमके तेच पदार्थ तेथे मांडलेले असतात. बाळ काय उचलील याची चिंता आपण करीत बसतो. तबक भरताना ती केली, तर पुढचे काम त्या चिमुकल्या बोटांवर निर्धास्तपणे सोपविता येईल.